तिघांची झील एकटीने धरणारी शॅरन जोन्स

ज्यांची लोकलमध्ये रेंज जाते, ज्यांचे इअरफोन पुन्हा एकदा धुण्यात गेलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचलेलं जास्त लक्षात राहतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त माझे 'अं' आणि शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

आजची पाहुणी आपल्यात नाहीये. 2016 सालीच गेली. शॅरन जोन्स, अमेरिकेतली सोल गायिका. तिचा पहिला अल्बम आला 2002 मध्ये आणि तेव्हा ती होती 46 वर्षांची.

हा 46 चा आकडा मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतेय. कारण तुमच्यातले बरेच जण पंचविशीच्या आसपासचे आहात, आणि तरी मेसेजमध्ये सारखं विचारता की आता गाणं शिकायला उशीर झाला का, चॅनेल सुरू करायला उशीर झाला का, एकोणीस वर्षांची मुलं कुठल्या कुठे पोचलीत वगैरे वगैरे. आणि मग कुणीतरी शॅरन जोन्ससारख्या बाईची रील पाठवतं. चाळीस सेकंदांत गोष्ट खलास: नकार मिळाला, तिने हार मानली नाही, जग जिंकलं. मागे व्हायोलिन.

त्यात खोटं काहीच नाही. पण 'हार मानली नाही' एवढ्या तीन शब्दांत तिच्या आयुष्यातली वीसेक वर्षं गिळली जातात. त्या वर्षांत ती दर सोमवारी, दर शनिवारी, दर रविवारी नेमकं काय करत होती? मला त्यातच रस आहे. चिकाटी म्हणजे रोजच्या हिशेबात काय, ते तिथे दिसतं.

आधी सोल म्हणजे काय ते पटकन बघू.

1950 आणि 60 च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल संगीत आणि बाहेरच्या जगातलं रिदम अँड ब्लूज एकत्र येऊन सोल तयार झालं. गाण्याची पद्धत चर्चची: आर्त, घाम फुटेपर्यंत, आवाज फाटला तरी चालेल अशी. विषय मात्र संसारातले: प्रेम, फसवणूक, पैसा, हक्क. रे चार्ल्स, सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, जेम्स ब्राउन ही यातली ठळक नावं. यातले अनेक जण चर्चमध्ये गात गातच मोठे झाले.

सोलचा कणा म्हणजे हाक आणि प्रतिसाद. मुख्य गायक एक ओळ टाकतो, मागचे आवाज ती उचलतात, परतवतात, कधी टोमणा मारतात. आपल्याला हे नवीन नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून 'जी जी रं जी' करणारे झीलकरी आठवा. शाहीर दम घेतो तेव्हा गाणं तेच धरून ठेवतात. इंग्रजीत बॅकिंग व्होकल म्हणतात, आपल्याकडे झील धरणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण शॅरन जोन्सचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या मागे झील धरण्यात गेलं.

ती जन्मली 4 मे 1956 रोजी, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावात. सहा भावंडांत सगळ्यात धाकटी. ऑगस्टा हे जेम्स ब्राउनचंही गाव, तो तिथेच वाढला. लहानपणी शॅरन आणि तिचे भाऊ त्याच्या नकला करायचे. तिची स्टेजवरची पायांची करामत बघितलीत तर ती शाळा कुठली ते लगेच कळेल. पुढे आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि शॅरन ब्रुकलिनमध्ये मोठी झाली. रविवारी चर्चमध्ये गॉस्पेल, इतर वेळी मोहल्ल्यातल्या फंक बँडबरोबर गाणं आणि टॅलेंट शो. 1970 च्या दशकातली काळी विशीतली मुलगी, आवाज असा की भिंत हलावी. आता फक्त कुणीतरी रेकॉर्ड काढायची बाकी होती.

ती निघाली नाही.

याचं कारण तिच्या गळ्यात नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. 70 च्या दशकाच्या शेवटी डिस्को आलं आणि मग सिंथेसायझर आणि ड्रम मशीन. सोलचा बँड म्हणजे ड्रम, बेस, एकदोन गिटार, कीबोर्ड, वर सॅक्सोफोन-ट्रम्पेट वाजवणारे दोघं-तिघं. आठ-नऊ माणसं. त्यांचा मेहनताना, त्यांची ने-आण, त्यांचं जेवण. त्याच्या जागी एक माणूस आणि दोन मशिनं बसत असतील तर कंपनी काय करेल? त्यातच 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं. आता गाणं ऐकण्याआधी दिसायला लागलं, आणि कंपन्यांनी आवाजाबरोबर चेहरा, रंग, कंबर, वय सगळं मोजायला घेतलं.

शॅरन जोन्स जेमतेम पाच फुटांची. सावळीही नाही, गडद काळी. अंगाने भरलेली. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिला तोंडावर सांगितलं की तू फार काळी आहेस, फार जाड आहेस, फार बुटकी आहेस आणि तुझं वयही फार झालंय. हे तिने नंतर अनेक मुलाखतींत सांगितलं. त्वचा उजळ करून घे आणि मागे उभी राहून गा, असंही तिला सुचवण्यात आलं होतं.

गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट बघा. त्या चार मुद्द्यांत आवाजाबद्दल एक शब्दही नाही. तिला जर 'वरचा सा लागत नाही' म्हणाले असते तर ती रियाज करू शकली असती. 'उंची कमी आहे' यावर रियाज काय करणार?

आता ती मधली वर्षं.

तिने नोकरी धरली. रायकर्स आयलंड म्हणून न्यूयॉर्क शहराचं एक अवाढव्य तुरुंग-बेट आहे, नदीच्या मध्यात. तिथे ती तुरुंग-रक्षक होती. पाच फुटी बाई आणि समोर कैद्यांच्या बराकी. तिथले कैदीसुद्धा तिला गाणं म्हणायला लावायचे, असं तिने सांगितलंय. नंतर वेल्स फार्गोच्या चिलखती गाडीवर तिने पहारेकऱ्याचं काम केलं. बँकेची रोकड नेणारी ती जाड पत्र्याची गाडी असते ना, एटीएमसमोर उभी राहते आणि आपण उगाच दोन पावलं लांबून जातो, तीच.

आणि शनिवार-रविवार? लग्नांमध्ये गायची. वेडिंग बँडमध्ये. आपल्याकडे वरातीच्या बँडला किंवा हॉलमधल्या ऑर्केस्ट्राला जो मान मिळतो, साधारण तोच मान तिकडेही. लोक जेवत असतात, पोरं पळत असतात, कुणाचा तरी काका माइक मागत असतो. आणि रविवारी सकाळी चर्च, तिथे गॉस्पेल, गायनमंडळ. मधूनमधून स्टुडिओत कुणाच्या तरी रेकॉर्डवर झील. त्यावर बऱ्याचदा नावही छापलं जायचं नाही.

मला विचाराल तर तिचं संगीताचं विद्यापीठ हेच होतं. लग्नात गाणाऱ्याला स्वतःची गाणी गायची चैन नसते. कुणी म्हातारी मागेल ते, कुणी नवरा मागेल ते, ज्या पट्टीत बँड वाजवेल त्या पट्टीत. समोरचे लोक गाणं ऐकायला आलेले नसतात, त्यांना खुर्चीतून उठवायचं असतं. पुढे तिच्या कार्यक्रमांत ती प्रेक्षकांतल्या कुणालाही हाताला धरून स्टेजवर ओढायची, त्याच्याशी नाचायची, त्याची फिरकी घ्यायची आणि तीन मिनिटांत दोन हजार लोक तिच्या खिशात. ही कला काही 46 व्या वर्षी आकाशातून पडलेली नव्हती.

नोकरीबद्दलही एक सांगते. 'पॅशनसाठी नोकरी सोडा' ही आजकालची लाडकी घोषणा. शॅरन जोन्सने उलटं केलं. नोकरीने घरभाडं भरलं, आणि त्यामुळे गाणं घरभाड्याच्या ओझ्याखाली मेलं नाही. गळा आठवड्यातून दोन-तीन दिवस कामाला लागलेला राहिला. कुणी मोजत नव्हतं, कुणी रेकॉर्ड करत नव्हतं, पण गळा चालू होता. वीस वर्षं वापरात नसलेला आवाज आणि वीस वर्षं रोज थोडा वापरलेला आवाज यांत किती फरक पडतो, ते 1996 मध्ये दिसलं.

त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ली फील्ड्स नावाच्या जुन्या सोल-फंक गायकाचं रेकॉर्डिंग होतं. ते घडवून आणणारे दोघं तरुण: गेब्रिएल रॉथ आणि फिलिप लेमान. डिजिटलचा जमाना चढत असताना हे दोघं 1960-70 च्या फंकच्या नादाने वेडे झालेले. त्यांना मागे झील धरायला तीन गायिका हव्या होत्या. त्या दिवशी आली एकटी शॅरन जोन्स.

आता तुम्ही म्हणाल, मग काम रद्द. तिने सांगितलं की तिन्ही आवाज मीच गाते.

हे तांत्रिकदृष्ट्या कसं होतं ते बघा, कारण 'तिन्ही आवाज गायली' हे म्हणायला सोपं आहे. आधी एक भाग गायचा, समजा खालच्या पट्टीतला. टेप मागे न्यायची. मग हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकत त्याच्यावर दुसरा भाग गायचा, वेगळ्या सुरांत. पुन्हा मागे. मग तिसरा. तिन्हींत श्वास एकाच ठिकाणी तुटला पाहिजे, शब्दाचा शेवट एकाच क्षणी बंद झाला पाहिजे, नाहीतर तीन माणसं तीन दिशांना चालल्यासारखं ऐकू येतं. ज्याने चर्चच्या गायनमंडळात वर्षानुवर्षं वेगवेगळ्या आवाजांत उभं राहून गायलंय, त्याच्या कानात हे तिन्ही भाग आधीच बसलेले असतात. बाकीच्यांनी सराव करावा लागतो.

रॉथ आणि लेमान यांनी तिथल्या तिथे तिच्याकडून एक स्वतंत्र गाणंही गाऊन घेतलं, 'स्विचब्लेड' नावाचं. ती तेव्हा चाळिशीला पोचली होती.

जरा थांबते इथे. त्या दिवशी इतर दोन जागा रिकाम्या राहिल्या नसत्या तर? शॅरन तिघींतली एक म्हणून आली असती, झील धरून, पैसे घेऊन घरी गेली असती. गोष्टीत नशीब आहेच, ते लपवायचं कशाला. पण ही जागा रिकामी झाली तेव्हा ती उचलायची ताकद तिच्या गळ्यात त्या घडीला तयार होती, हे नशीब नव्हतं.

त्या दोघांनी डेस्को नावाचं छोटं लेबल चालवलं आणि तिची गाणी 45 च्या तबकड्यांवर काढायला सुरुवात केली. 45 म्हणजे सात इंची छोटी रेकॉर्ड, मिनिटाला 45 फेरे, एका बाजूला एक गाणं. गंमत अशी की या तबकड्यांवर साल छापलेलं नसायचं आणि ध्वनी इतका जुना की काही संग्राहकांना वाटलं, 70 च्या दशकातली कुठलीतरी विस्मृतीत गेलेली गायिका सापडली! तिकडे इंग्लंडमध्ये जुन्या फंकचे शौकीन होते, त्यांच्यात हिचं नाव व्हायला लागलं. स्वतःच्या शहरात रोकड-गाडीवर पहारा देऊन झालेला, आणि परदेशात डीजे तिची तबकडी शोधतायत.

2000 च्या सुमारास डेस्को मोडलं. लेमान वेगळा झाला. इथे बहुतेकांची गोष्ट संपते, कारण अशी छोटी लेबलं मोडली की गायकही विखुरतात. पण रॉथ आणि सॅक्सोफोन वाजवणारा नील शुगरमन यांनी मिळून डॅपटोन नावाचं नवं लेबल काढलं. बँडचं नाव द डॅप-किंग्ज. 2002 मध्ये शॅरन जोन्स आणि डॅप-किंग्जचा पहिला अल्बम आला, तो या लेबलचाही पहिलाच अल्बम.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. त्यांच्याकडे स्टुडिओचे पैसे नव्हते. म्हणून ब्रुकलिनच्या बुशविक भागात एक जुनं, मोडकळीला आलेलं दोन कुटुंबांचं घर घेतलं आणि बँडवाल्यांनीच त्याचा स्टुडिओ केला. भिंती पाडल्या, उभ्या केल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींत जुने कपडे कोंबले. आणि विजेचे पॉइंट्स? शॅरनबाई खाली बसून स्वतः वायरिंग करत होत्या. मुख्य गायिका. ज्या माइकसमोर ती गाणार होती, त्याच्या खोलीतला प्लग तिने स्वतः बसवला.

या घरात रेकॉर्डिंग व्हायचं टेपवर, आणि सुरुवातीच्या काळात तर आठच ट्रॅकवर. तुमच्या फोनमधल्या कुठल्याही फुकट अॅपमध्ये याच्यापेक्षा जास्त ट्रॅक मिळतील. मग मुद्दाम आठ कशाला? कारण ट्रॅक कमी असले की सगळ्यांना एका खोलीत एकत्र वाजवावं लागतं. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतो, गायिकेच्या माइकमध्ये ट्रम्पेट शिरतो. नंतर एकट्याची चूक पुसता येत नाही, सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. म्हणून सगळे जण एकमेकांकडे कान लावून वाजवतात. जुन्या सोल रेकॉर्डमध्ये जी ऊब जाणवते तिचं बरंचसं कारण हे आहे. आणि अशा पद्धतीत कुणाचा टिकाव लागतो? ज्याने वर्षानुवर्षं जिवंत बँडसमोर, दुसरी संधी न मिळता गायलंय त्याचा. म्हणजे लग्नात गाणाऱ्याचा. ज्या गोष्टीला कंपनीवाल्याच्या वहीत रकाना नव्हता, ती इथे सगळ्यात महाग झाली.

पैशांचंही बोलू. छोट्या लेबलकडे जाहिरातीला पैसा नाही, रेडिओवर वजन नाही. त्यांच्याकडे एकच रस्ता: गाडीत वाद्यं भरायची आणि फिरायचं. छोटे क्लब, मग मोठे क्लब, मग महोत्सव. वर्षचे वर्ष. ऐकणारा घरी जाताना रेकॉर्ड विकत घेतो, पुढच्या वेळी दोन मित्र आणतो. 2005 मध्ये 'नॅचरली', 2007 मध्ये '100 डेज, 100 नाइट्स', 2010 मध्ये 'आय लर्न्ड द हार्ड वे'. हा शेवटचा अमेरिकेच्या मुख्य बिलबोर्ड यादीत पहिल्या 20 मध्ये गेला. पन्नाशी ओलांडलेली बाई, ब्रुकलिनच्या पडक्या घरातून. मधल्या काळात डेन्झेल वॉशिंग्टनच्या 'द ग्रेट डिबेटर्स' या चित्रपटात ती गाताना दिसलीही.

एक कडवट तुकडाही आहे, तो वगळला तर अन्याय होईल. एमी वाइनहाउसचा 'बॅक टू ब्लॅक' तुम्ही ऐकलाच असेल, निदान 'रिहॅब' तरी. 2006 मधला तो अल्बम. त्यातल्या मार्क रॉन्सनने केलेल्या गाण्यांवर वाजवणारे कोण? डॅप-किंग्ज. शॅरनचाच बँड. त्यानंतर ते एमीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावरही गेले. अल्बम जगभर गाजला, लाखोंनी खपला, ग्रॅमी मिळाले. एमी तेव्हा 23 वर्षांची, गोरी, ब्रिटिश. शॅरन पन्नाशीची.

एमी अफाट गायिका होती, तिच्याकडून काहीही काढून घ्यायचं नाहीये. पण नाद तोच, वाजवणारे हात तेच, आणि मोठ्या कंपन्यांचे कॅमेरे कुठे वळले ते बघा. ती चार विशेषणं, काळी, जाड, बुटकी, वयस्क, ही एका उद्धट माणसाच्या तोंडची चूक असती तर 2006 मध्ये चित्र वेगळं दिसलं असतं. हां, या निमित्ताने त्या बँडबद्दल कुतूहल वाढलं आणि त्यातून काही कान शॅरनपर्यंत पोचले, हेही तितकंच खरं.

म्हणून 'मेहनत केली की फळ मिळतंच' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. याच डॅपटोनमधला चार्ल्स ब्रॅडली घ्या. 1948 चा जन्म. आयुष्यभर स्वयंपाकी, मिळेल ती हातकामं, रात्री 'ब्लॅक व्हेल्व्हेट' नावाने जेम्स ब्राउनची नक्कल. त्याचा पहिला अल्बम आला 2011 मध्ये, वयाच्या 62 व्या वर्षी. एकाच छोट्या लेबलला एकाच शहरात असे दोन आवाज सापडतात, याचा अर्थ काय? शहरात असे आवाज खूप होते आणि त्यांना ऐकणारे कान फार थोडे होते. ब्रुकलिनच्या चर्चमध्ये शॅरनच्या शेजारी उभ्या राहून गाणाऱ्या बायकांमध्ये आणखी कितीजणी असतील, ज्यांच्या दिवशी तिन्ही गायिका वेळेवर आल्या?

2013 मध्ये सगळं नीट लागलेलं होतं. 'गिव्ह द पीपल व्हॉट दे वॉन्ट' हा अल्बम तयार, ऑगस्टमध्ये येणार होता. उन्हाळ्यात तिला कर्करोगाचं निदान झालं, स्वादुपिंडाचा. मोठी शस्त्रक्रिया, मग किमोथेरपी. अल्बम पुढे ढकलला.

बार्बरा कॉपल या ऑस्कर मिळवलेल्या दिग्दर्शिकेने याच काळात तिच्यावर 'मिस शॅरन जोन्स!' ही डॉक्युमेंटरी केली, 2015 मध्ये ती टोरांटोच्या महोत्सवात दाखवली गेली. त्यात एक गोष्ट दिसते जी प्रेरणादायी रीलमध्ये कधीच येत नाही. गायिका आजारी पडली की बँडची कमाई थांबते. दौरा नाही म्हणजे पगार नाही. कुणाचं घरकर्ज आहे, कुणाची मुलं आहेत. आणि शॅरनला हे माहीत आहे. उपचार घेतानाही तिच्या डोक्यावर दहा जणांच्या चुली आहेत. मोठ्या कंपनीच्या दारातून परत पाठवलेल्या बाईने स्वतःचं दार बांधलं खरं, पण त्या दाराचा भार तिच्याच खांद्यावर होता.

किमो चालू असतानाच 'स्ट्रेंजर टू माय हॅपिनेस' या गाण्याचा व्हिडिओ केला. केस गेलेले. तिने विग घातला नाही, तशीच गायली, तशीच नाचली. जिच्या दिसण्यावरून सगळं सुरू झालं होतं तिने कॅमेऱ्यासमोर टक्कल दाखवलं, आणि तेही काही मोठा संदेश देतोय असा आव न आणता. व्हिडिओ शोधून बघा, तीन मिनिटांचाच आहे. 2014 च्या जानेवारीत अल्बम आला, फेब्रुवारीत ती न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरच्या स्टेजवर होती. त्याच अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तिच्या आयुष्यातलं पहिलं. पुरस्कार मिळाला नाही.

आजार उलटल्याचं तिने 2015 मध्ये त्याच टोरांटोच्या महोत्सवात जाहीर केलं, स्वतःवरच्या डॉक्युमेंटरीच्या प्रीमियरला. मग पुन्हा दौरा. उपचार आणि कार्यक्रम यांचं वेळापत्रक एकमेकांत गुंफून. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीचे निकाल बघत असताना तिला पक्षाघाताचा झटका आला, दुसऱ्या दिवशी आणखी एक. 18 नोव्हेंबरला ती गेली. साठ वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत बँडवाले तिच्याभोवती होते. बोलणं गेलं होतं, पण गुणगुणणं सुरू होतं, गॉस्पेलची गाणी, असं रॉथने नंतर सांगितलं.

हिशेब मांडायचा तर पहिल्या अल्बमपासून शेवटापर्यंत चौदा वर्षं. त्यातली तीन आजारपणाची. 25 व्या वर्षी दार उघडलं असतं तर आपल्याकडे आज तिची किती रेकॉर्डं असती, याचा विचार मी करते तेव्हा मला तिच्या चिकाटीचं कौतुक वाटण्याआधी राग येतो. दोन्ही एकदम वाटायला हरकत नसावी.

बरं, आता ऐकायचं कुठून? मेसेजमध्ये हा प्रश्न येणारच, म्हणून इथेच सांगते. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस गायब होतो आणि निम्मी मजा त्यातच आहे. साधे इअरफोन चालतील. पहिल्यांदा '100 डेज, 100 नाइट्स' हे गाणं. मध्यावर बँड एकदम संथ होतो तिथे कान द्या. गाणं दमलंय असं वाटतं आणि ती तिथूनच पुन्हा उचलते. मग 'स्विचब्लेड' शोधा, तिच्या तरुण... म्हणजे चाळिशीतल्या आवाजासाठी. डॉक्युमेंटरीसाठी केलेलं 'आय अॅम स्टिल हिअर' हे गाणं म्हणजे तिने स्वतःच सांगितलेलं तिचं चरित्र, या भागातलं बरंच काही त्यात भेटेल.

सगळ्यात शेवटी 'सोल ऑफ अ वुमन' हा अल्बम. ती गेल्यावर वर्षभराने, 2017 मध्ये आला. त्यातलं अखेरचं गाणं आहे 'कॉल ऑन गॉड'. ते तिने 70 च्या दशकात, विशीत असताना, ब्रुकलिनमधल्या आपल्या चर्चच्या गायनमंडळासाठी लिहिलं होतं. तिचा आवाज 2007 मध्येच रेकॉर्ड करून ठेवलेला. ती गेल्यावर बँडने त्याच गायनमंडळातल्या तिच्या जुन्या सोबत्यांना बुशविकच्या त्या घरात बोलावलं, आणि मागची झील त्यांनी धरली.

पुढच्या भागात भेटू. इअरफोन खिशातून काढून मग पँट धुवायला टाका.